पाठकोरा

मिरजेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरला तरी लागतो, नाहीतर सतारीला. १८९४ साली वॉन्लेस साहेबांनी इथं इस्पितळ काढलं आणि गावाला औषधाचा जो वास लागला, तो काही गेला नाही. आमच्या डॉक्टरांचं दुखणं मात्र तिपेडी. मेडिसिनचे प्राध्यापक, त्यात संसारी, त्यात लेखक! मी एका लहानशा दिवाळी अंकाचा संपादक. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आमची जमात लेखकांच्या दारात उभी आहे. मी ओपीडीच्या रांगेत असतो. रक्तदाब तपासून घेतो, लेखाची चौकशी करतो, मग रक्तदाब पुन्हा तपासावा लागतो.

लेख पाठकोऱ्या कागदांवर येतो. औषध कंपन्यांची पॅडं, जुन्या नोटिसा, एकदा तर एक्स-रेचं पाकीट. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहा, असं फर्मान मेडिकल कौन्सिलनं २०१६ साली काढलं. डॉक्टरांनी ते निमूट मानलं. पण देवनागरीत कॅपिटल नसतात, त्यामुळे त्यांचं साहित्य बचावलं. ते वाचू शकणारा माणूस गावात एकच, कोपऱ्यावरचा मेडिकलवाला. तोच टाइप करून देतो आणि वर समीक्षाही करतो. “कादंबरीच्या सातव्या प्रकरणात नायिकेला टायफॉइड, आणि हिरो डॉक्टर तिला कविता ऐकवतोय. आधी ब्लड कल्चर पाठव म्हणावं त्याला.”

वॉर्डात पोरं डॉक्टरांवर खूश असतात. कुणी ‘पुरुष, पंचावन्न, शेतकरी, धाप’ असं घडाघडा म्हणू लागला की डॉक्टर हात वर करतात. “धाप कुठं लागते? उसाच्या फडात, की देवळाच्या पायऱ्यांवर? रात्री उठून बसावं लागतं का? उशाला कोण असतं?” पोरांना वाटतं, सर हृदय तपासायला शिकवतायत. तसं ते शिकवतातच म्हणा. पण त्यातली उशाशी बसलेली बाई पुढच्या प्रकरणात हमखास भेटते.

२०१९च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमापासून विद्यार्थ्यांच्या लॉगबुकांचे गठ्ठे घरी येतात. जेवणाच्या टेबलावर एका रात्रीत साठ सह्या. त्या भरात लेकीच्या प्रगतिपुस्तकावर गणितापुढं लॉगबुकातलाच ‘रिपीट’ असा शेरा मारून, तारखेसकट सही ठोकली. शाळेतल्या बाईंना तो पटला, हे लेकीचं दुर्दैव.

वहिनींची कंबर दुखायची. “अहो, ऐकताय ना?” म्हटलं की यांचं “हं, शेक घे.” शेवटी त्या बँकेतून रजा काढून ओपीडीत गेल्या, केसपेपर काढला आणि रांगेत बसल्या. नंबर लागला. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “किती दिवसांपासून?”

“तुमची कादंबरी सुरू झाली तेव्हापासून.”

“म्हणजे सात वर्षं,” मागचा एक निवासी डॉक्टर म्हणाला आणि केसपेपरवर त्यानं ‘क्रॉनिक’ लिहिलं. त्या दिवशी वहिनींना पूर्ण वीस मिनिटं मिळाली. एवढा वेळ साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच, असं त्या म्हणतात.

गेल्या वर्षीचा लेख गणपती उठल्यावर आला. अंकाला उशीर होईल या भीतीनं मी तो न वाचताच लावला. आजोळच्या पावसावर होता. चौथा परिच्छेद एका ओळीचाच : ‘सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, सात दिवस.’ दोन वाचकांची पत्रं आली. एकानं लिहिलं, झडीच्या पावसाचं इतकं नेमकं वर्णन अलीकडं वाचलं नव्हतं.

मी ती पत्रं डॉक्टरांना वाचून दाखवली. ते पांढरे पडले. “चौथ्या परिच्छेदात तर आजी होती, चूल होती. तो कागद तुमच्याकडं आलाच नाही? मग त्या कवठेमहांकाळच्या म्हाताऱ्याला मी दिलं काय?”

“पुन्हा आला का तो?”

“आला होता की. म्हणाला, बरं वाटतंय, तेच परत लिहून द्या.”