तेल कुठं मुरतंय?

जमिनीखालच्या तेलटाकीमुळे पाणी नासलं की नाही, हे ओळखण्याची सर्वांत स्वस्त पद्धत अमेरिकी आरमाराने शोधली : अधिकाऱ्याने ते पिऊन टाकायचं. 2021 च्या नोव्हेंबरअखेर हवाईतल्या पर्ल हार्बरच्या लष्करी वसाहतीत नळाला तेलाचा वास यायला लागला. पोरांना मळमळ, अंगावर पुरळ. तळाच्या प्रमुखांनी कळवलं, काळजी नको, मी आणि माझी माणसं हेच पाणी पितोय. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा निकाल आला. पाण्यात इंधन होतं. साहेबांनी माफी मागितली.

वासाचं मूळ शोधायला पाणाड्या लागत नव्हता. जवळच्या रेड हिल टेकडीच्या पोटात आरमाराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 20 टाक्या बांधल्या. एकेक टाकी वीस मजली इमारतीएवढी, पावणेपाच कोटी लिटरची. तळापासून शंभर फूट खाली ओआहू बेटाचं भूजल, आणि त्यातच आरमाराची स्वतःची विहीर. ज्या नळयोजनेत तिचं पाणी जायचं, ती सुमारे 93 हजार लोकांना पुरायची. बॉम्बपासून तेल वाचवायचं होतं, ते वाचलं. तेलापासून पाणी वाचवायचंय, असं कुणी लेखी दिलं नव्हतं.

तपासणी झालीच नाही, असं म्हणणं मात्र पाप ठरेल. 2014 च्या जानेवारीत पाच नंबरची टाकी दुरुस्त करून भरताना गळाली. लाखभर लिटर तेल गेलं. टाकी दुरुस्त होती, हे लक्षात घ्या. मग 2015 मध्ये आरमार, केंद्राची पर्यावरण संस्था आणि राज्याचं आरोग्य खातं यांच्यात रीतसर करार झाला. अभ्यास सुरू झाले. नकाशे आले, अहवाल आले, अहवालांवरचे अभिप्राय आले. टाक्या भरलेल्याच राहिल्या.

या तपासणीची गंमत अशी की ती खोटं बोलत नाही, फक्त विचारलं तेवढंच सांगते. इंधन पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या माथ्यावर तरंगतं. निरीक्षण विहिरीची जाळी त्या माथ्याच्या खाली बसली, तर वरचा तवंग बाहेरच राहतो आणि नमुना गंगाजलासारखा येतो. बाटली काठोकाठ भरून, एक बुडबुडाही न ठेवता, बर्फात ठेवून न्यायची, नाहीतर वायुरूप होणारे घटक वाटेतच पळतात. आणि रेड हिलचा खडक लाव्हाचा, भेगांनी भरलेला. त्यात तेल कुठे जाईल, हे तेलालाच ठाऊक. दहा हातांवर भोक पाडलं की ‘आढळले नाही’ असा शेरा मिळतो. हा शेरा जगभरच्या टाकीमालकांना लग्नपत्रिकेपेक्षा प्रिय असतो. भोक कुठे पाडायचं हे टाकीमालकानेच ठरवायचं असेल, तर जामदारखान्याच्या किल्ल्या कुणाच्या हातात आहेत ते सांगायला नको.

एवढ्या शास्त्राला अखेर हरवलं ते एका छोट्या गाडीने. 2021 च्या मे महिन्यात तेल हलवताना चूक झाली आणि सुमारे 72 हजार लिटर इंधन आग विझवण्याच्या यंत्रणेच्या सांडपाणी नळात शिरलं. हिशेबात ते दिसलं नाही, किंवा दिसून न दिसलं. सहा महिने नळ त्या वजनाने वाकत गेला. ना कुणी वर मान केली, ना त्याच्या पोटात काय आहे हे विचारलं. 20 नोव्हेंबरला बोगद्यातली गाडी त्या नळावर आदळली. तेल खाली आलं आणि विहिरीत पोहोचलं. भूजलाच्या अभ्यासात टाक्यांचा गंज होता, खडकाच्या भेगा होत्या; नळाला धडकणारी गाडी कुणाच्याच आकृतीत नव्हती.

राज्याने 6 डिसेंबरला टाक्या रिकाम्या करण्याचा आदेश काढला. आरमाराने आधी त्याला आव्हान दिलं, कारण पाणी बिघडलं म्हणून तेल थोडंच सोडायचं! पुढल्या मार्चमध्ये संरक्षण मंत्र्यांनीच कायमचं बंद करण्याची घोषणा केली. मुख्य तेल निघायला 2023 ची अखेर उजाडली. त्या ‘माजी’ टाक्यांभोवती आता विहिरी खणल्या जातात, माती उकरली जाते, बाटल्या भरल्या जातात. वरातीमागून घोडं येतंय, पण थाटात येतंय.

होनोलुलूच्या पाणी मंडळाने मात्र पाणी पिऊन पाहण्याचा शहाणपणा केला नाही. वसाहतीत वास आल्यावर लगेच, डिसेंबरच्या सुरुवातीलाच त्याने जवळचा हलावाचा मोठा उपसा थांबवला. टाक्या रिकाम्या झाल्यावरही तो बंदच होता.