उभं राहून काम करून घेणारे

आपल्याकडे एक जमात आहे, तिचं कुठलंच काम बसून होत नाही. काम हे लोक स्वतः करत नाहीत, ते गवंडी, सुतार, प्लंबर करतात. हे उभे असतात. स्लॅब पडताना उभे, बोअर घेताना उभे, फरशी बसताना उभे. हात पाठीमागे, मान किंचित तिरकी आणि एक डोळा मिटलेला. आपल्या घराबद्दल त्यांना सर्वांत मोठी बढाई मारायची असेल तर ते घराची किंमत सांगत नाहीत. म्हणतात, "सगळं उभं राहून करून घेतलंय." आपण नसतो तर काम झालंच नसतं, असं त्यांचं ठाम मत असतं. आपण नसतात तर दोन दिवस आधी झालं असतं, असं गवंड्याचं.

माझ्या मित्राचे वडील नाना हे या जमातीचे मानकरी. सार्वजनिक बांधकाम खात्यात आयुष्य गेलं. रस्ते, मोऱ्या, शाळाखोल्या, सगळ्यांसमोर ते उभे राहिले. निवृत्तीनंतर कराडात स्वतःचं घर बांधलं, मग भावाचं, मग मेव्हण्याचं. नातेवाइकांतली बांधकामं संपली तेव्हा मुलानं त्यांना सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीतल्या एडिसनला नेलं.

तिथे नानांचे हाल झाले. कुठे काही चाललेलंच नाही! समोरच्या घरी गवत कापायला माणूस आला की नाना फुटपाथवर जाऊन उभे राहत. पण तो कानांवर ते गोबरे हेडफोन चढवून वीस मिनिटांत गवत कापून गाडी घेऊन निघून जाई. सूचना ऐकायला कान मोकळे नाहीत, असा कामगार नानांनी पाहिला नव्हता.

अशात एके दिवशी पहाटे गॅरेजात बंदुकीचा बार उडावा तसा आवाज झाला. दाराची स्प्रिंग तुटली होती. तिकडे गॅरेजचं दार म्हणजे घराचं खरं दार. पुढचा दरवाजा पार्सलांसाठी आणि दिवाळीच्या पाहुण्यांसाठी. घरची माणसं मोटारीत बसून गॅरेजातूनच आतबाहेर करतात. दोन गाड्यांचं दार सोळा फूट रुंद, सात फूट उंच आणि वजनाला दीड-दोनशे पौंड. ते एका बोटाच्या बटणावर वर जातं, ते मोटरच्या जोरावर नव्हे. वजन पेलते वर आडव्या नळीवर पिळून बसवलेली स्प्रिंग. मोटर नुसती ढकलते. स्प्रिंग गेली की मोटरच्यानं दार जागचं हलत नाही. मुलगा आत, मोटार आत, ऑफिस बाहेर. शिवाय जुन्या दाराला पोचे पडले होते, खालचा रबर कुजला होता. मुलानं नवंच दार घ्यायचं ठरवलं. नानांनी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी दोन वाट्या आमटी घेतली.

"तीन कोटेशनं मागव," ही पहिली आज्ञा. दुसरी, "आणि डीएसआर बघ."

"नाना, इथे जिल्हा दरसूची नसते."

"मग दर कशावरून ठरवतात?"

"त्यांच्या मनावरून."

नानांनी अमेरिकेबद्दलचं मत तिथेच एक पायरी खाली आणलं.

माप घ्यायला माणूस आला. त्यानं रुंदी-उंची मोजली, दोन्ही बाजूंना रूळ बसायला जागा आहे का पाहिलं, छताखाली फूटभर मोकळं आहे ना तेही पाहिलं. नानांनी त्याच्यामागून कराडहून आणलेल्या टेपनं तेच पुन्हा मोजलं. आकडे जुळले. नाना जरा हिरमुसले. मग सोसायटीला रंग कळवा, त्यांची मंजुरी आणा, दार कारखान्यातून यायला काही आठवडे थांबा. या काळात नानांनी एक वही केली. पहिल्या पानावर लिहिलं 'एमबी'. मोजमाप पुस्तकाशिवाय बिल निघणं हे नानांच्या लेखी पापच.

ठरल्या दिवशी सकाळी व्हॅन आली. दोन कारागीर उतरले. मुलाला एवढंच सांगून ठेवलेलं होतं: गाड्या बाहेर काढा, दारापासून आतली दहाएक फूट जागा मोकळी करा आणि मुलंबाळं, कुत्रीमांजरी लांब ठेवा. नाना या यादीत कुठेच बसत नसल्यामुळे ते गॅरेजात होते.

पहिला पेच चहाचा. सूनबाईंनी आलं घालून चहा केला. मुख्य कारागिरानं हसून स्वतःचा थर्मास दाखवला. नाना अस्वस्थ झाले. चहा घेतला नाही तर माणूस दहा मिनिटं बसणार कधी, "गाव कुठलं तुमचं" हे विचारायचं कधी, आणि ओळख निघाल्यावर दोन पट्ट्या जास्तीच्या मागायच्या कधी? त्याची मातृभाषा स्पॅनिश, नानांची मराठी. मधल्या इंग्रजीत दोघांचे मिळून पंधरा शब्द. त्यातले चार नानांचे: लेव्हल, प्लंब, गुड आणि नो गुड.

त्यानं आधी तुटकी स्प्रिंग काढली, मोटर सोडवली आणि जुनं दार वरून एकेक फळी काढत उतरवलं. फळ्या व्हॅनमध्ये जाऊ लागल्या.

"भंगाराचे किती देणार?" नानांनी मुलाला विचारलं.

"आपणच द्यायचे नाना. घेऊन जायचे पैसे आहेत."

नानांना खाली बसावं लागलं. लोखंड न्यायचं आणि वर पैसे घ्यायचे! "निदान दोन पत्रे ठेवून घे रे, गोठ्याला होतील." गोठा कराडात होता, पत्रे एडिसनात, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

मग नवी फळी खाली ठेवली गेली. गॅरेजची जमीन पाणी बाहेर वाहून जावं म्हणून किंचित उतरती असते, ती दाराच्या रेषेतही सगळीकडे सारखी भरत नाही. कारागिरानं एका कोपऱ्याखाली पाचर सारली आणि पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. नानांनी डोळा मिटला, मान तिरकी केली. "नो गुड," म्हणाले. खाली एका टोकाला फट दिसत होती. कारागिरानं फळीच्या तळाचा जाड रबर बोटानं दाबून दाखवला: फळी सरळ राहणार, फट रबर भरणार. नाना क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गुड." कारागीर पुढच्या फळीला लागला होता.

फळीवर फळी चढली, बिजागऱ्या बसल्या, चाकं रुळांत गेली. मग आली स्प्रिंग. इथे मात्र त्यानं हात उंच करून नानांना मागे जायला सांगितलं. सूचना नव्हे, हुकूम. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते, जीवही घेते. म्हणून हे काम घरच्या माणसानं करायचं नसतं आणि जवळ उभं राहूनही पाहायचं नसतं. नाना ड्राइव्हवेपर्यंत मागे सरले. पण मोजणं सोडलं नाही. दोन सळ्या आलटून पालटून, पाव-पाव फेऱ्यांनी तीस वेळा. सात फुटी दाराला बहुधा साडेसात फेरे लागतात. स्प्रिंगवर मुळात रंगाची सरळ रेघ असते, पीळ बसेल तशी ती मळसूत्रासारखी फिरते. वळसे मोजले की फेरे कळतात. हे समजल्यावर नानांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर उमटला. कंत्राटदारानं केलेलं काम मागाहून मोजता यावं अशी खूण मालावरच मारून पाठवणारा देश त्यांनी पाहिला नव्हता. वहीत लिहिलं: 'फेरे ७.५, समक्ष.'

कारागिरानं मोटर न जोडता दार हातानं कमरेइतकं उचलून सोडलं. ते तिथेच थांबलं. वरही नाही, खालीही नाही. स्प्रिंगचा तोल बरोबर असल्याची हीच खूण. नानांनाही एकदा उचलू दिलं. सत्तरीच्या माणसानं दोन बोटांनी दार तोललं आणि सूनबाईंना फोटो काढायला लावला.

शेवटी मोटर जोडली, बटण दाबलं. दार जरासं खाली आलं, थबकलं, उलट वर गेलं. दिवे मिचमिचले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कारागिरानं तारा तपासल्या, रुळांशी बसवलेले दोन छोटे डोळे एकमेकांसमोर नीट आहेत का पाहिलं. जमिनीपासून सहा इंचांच्या आत असणाऱ्या या डोळ्यांमधला किरण तुटला की दार बंद होत नाही. दाराखाली सापडून लहान मुलं दगावत, म्हणून तिथे १९९३ पासून नव्या मोटरला अशी काहीतरी सोय कायद्यानंच सक्तीची आहे. सगळं ठीक होतं. मग त्याची नजर उंबऱ्यापाशी, हात पाठीमागे बांधून उभ्या असलेल्या नानांच्या चपलांवर गेली.

आयुष्यभर गवंड्यांना जे तोंडावर सांगता आलं नाही, ते त्या यंत्रानं सांगितलं होतं. तुम्ही उभे आहात, म्हणून काम अडलंय.

नाना बाजूला झाले. दार मुकाट्यानं बंद झालं. त्यांचा चेहरा कसा झाला हे मित्राकडून ऐकून मला वाईट वाटलं. काही बिघडलं असतं, एखादा स्क्रू राहिला असता, तर ते सुखावले असते. इकडे नजर हलली की सिमेंटची पोती हलतात हे आयुष्यभर पाहिलेल्या माणसाला, नजर न ठेवताही काम नीट होतं हे फार पोरकं करणारं असतं. घरात आपला वाटा काय, तर आपण उभे होतो. तोही इथे कुणाला नको होता.

पण देव दयाळू. शेवटची चाचणी राहिली होती. कारागिरानं दाराखाली एक लाकूड आडवं ठेवलं. दार त्याला टेकलं की दोन सेकंदांत माघारी फिरलं पाहिजे. फिरलं. "टू बाय फोर," तो लाकडाकडे बोट दाखवून म्हणाला, आणि दर महिन्याला ही चाचणी करा असंही खुणेनं सांगितलं.

नानांचा टेप आपोआप बाहेर आला. दोन बाय चार? लाकूड भरलं दीड बाय साडेतीन.

"माप मारलंय!" नाना गरजले. पोरकेपण गेलं, छाती वर आली. "इथेही मारतात!"

मुलानं समजावलं, "नाना, नाव रंधा मारण्याआधीच्या मापाचं. वाळून, रंधून एवढंच राहतं. आणि चाचणीच्या नियमात दीड इंचच लिहिलंय."

"म्हणजे चोरी धरूनच नियम केलाय," नाना समाधानानं म्हणाले. "आमच्या खात्यासारखंच." त्यांनी कारागिराचा हात हातात घेऊन हलवला, वहीत त्याची सही घेतली आणि अगदी सवयीनं विचारलं, "आता पाणी किती दिवस मारायचं?"

त्यानंतर नानांना काम मिळालं. स्प्रिंग साधारण दहा हजार वेळा दार उघडून मिटेपर्यंत टिकते, असं पुस्तिकेत होतं. दिवसाला चार धरले तर सात वर्षंही नाहीत. नानांनी लगेच काटकसर सुरू केली: भाजी पुढच्या दारानं आणायची, कचरा पुढच्या दारानं न्यायचा, "उगाच फेरे वाया घालवू नका." दोन शेजाऱ्यांच्या दारांचा तोलही त्यांनी उचलून पाहिला. एकाला 'नो गुड' दिलं. त्यानं माणूस बोलावला, तर खरंच स्प्रिंग ढिली निघाली.

आता नाना कराडात आहेत. महिन्यातल्या एका शनिवारी रात्री माझा मित्र जेवण उरकून गॅरेजात जातो आणि फोन उभा धरतो. कराडात रविवारची सकाळ असते. नाना चहा घेत, वही उघडून, पहिल्यांदाच बसून काम करून घेत असतात. लाकूड आडवं पडतं, दार खाली येतं, टेकतं, माघारी फिरतं.

"झालं नाना."

"झालं काय? टेप लावून दाखव. लाकूड तेच आहे ना?"