राहू द्या, निघतं ते

चहा सांडल्यावर काय करावं, याचं शास्त्र अगदी सोपं आहे आणि अर्धापुरात त्याचा काडीचा उपयोग नाही. शास्त्र म्हणतं, डाग ओला आहे तोवर उठा. कोरडं सुती फडकं घ्या, चोळू नका, नुसतं दाबून टिपा, कडेकडून मध्याकडे या, मग गार पाणी. सगळा खेळ पहिल्या पाच मिनिटांचा. आणि नेमकी हीच पाच मिनिटं आपल्याकडं पाहुण्याची समजूत घालण्यात जातात.

व्याही बैठकीत लोडाला टेकून बसलेले असतात. ऊस, केळीचा भाव, पाटाचं पाणी असं करत गोष्ट मुलीच्या सासरपर्यंत येते, बोलण्याच्या भरात हात उडतो आणि अर्धी बशी चहा सोलापुरी चादरीवर.

"अरेरेरे! खराब झाली की हो चादर!"

"राहू द्या हो अण्णा, निघतं ते."

"नाही पण, फडकं तरी…"

"तुम्ही बसा हो. तशीबी धुवायचीच होती."

धुवायची मुळीच नव्हती. सकाळीच कपाटातून काढलेली, घडीच्या रेघासुद्धा अजून मोडलेल्या नाहीत. घरची बाई दारात उभी राहून "दुसरा टाकते ना, किती वेळ लागतोय" असं तोंडानं म्हणते, पण डोळे चादरीवर. डाग आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा, मग आडव्या पट्ट्यातून सरकत वेलबुट्टीत शिरतो. तिला सगळं कळतंय. पण फडकं घेऊन पुढं व्हावं, तर व्याह्यांना त्यांची चूक बोटानं दाखवल्यासारखं होतं. म्हणून ती दुसरा कप आणते आणि तोही काठोकाठ भरून आणते, कारण कमी भरला तर त्याचा वेगळा अर्थ निघेल.

हेच घरातल्या लेकरानं सांडलं असतं तर? "डोळे कुठं गेले होते रे?" हे वाक्य पूर्ण होण्याच्या आत चादर ओढून नळाखाली गेली असती आणि डागाचं नावनिशाण उरलं नसतं. तेव्हा कुणाच्याही घरातली गादी, सतरंजी किंवा सोफ्याचं कव्हर नीट न्याहाळा. लेकरांनी पाडलेले डाग कधीच निघून गेलेले असतात. टिकून राहिलेले बहुतेक मानाच्या माणसांचे असतात. हा जावयाचा, हा व्याह्यांचा, हा शाळा तपासायला आले होते त्या साहेबांचा. आणि चांगली चादर निघते तीही त्यांच्यासाठीच. ज्या दिवशी असं सांडणारं कुणी येणार नसतं, त्या दिवशी अंथरायला जुनी असतेच.

वाळलेल्या डागाची कड मधल्या भागापेक्षा गडद असते, हे चादर धुणाऱ्या प्रत्येकीनं पाहिलेलं आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर १९९७ साली 'नेचर'मध्ये निबंध लिहिला. टेबलावर सांडलेला थेंब वाळताना कडेचं पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडं धावतं आणि जाताना रंगाचे कण सोबत नेऊन तिथं सोडतं. त्यांनी अभ्यास केला तो कॉफीच्या डागाचा. कापडातही पाणी धाग्याधाग्यानं बाहेर सरकतं आणि रंग काठाला साचतो. म्हणून टिपायचं ते कडेकडून. मधून पुसायला गेलं की डागाचं राज्य वाढतं.

त्यात आपला चहा म्हणजे एक डाग नव्हे, एकावर एक तीन. पत्तीतलं टॅनिन, दुधातलं प्रथिन आणि साखर. गरम पाणी ओतलं तर दुधाचं प्रथिन धाग्यात थिजतं. घाईनं साबणाची वडी घासली तर तिच्यातल्या खारानं टॅनिनचा रंग उलट गडद होतो. आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड, की साबण घासघासून हात दुखले तरी फेस म्हणून येत नाही. वर राखाडी पुटं तेवढी धरतात. खरा क्रम साधा आहे: आधी भरपूर गार पाणी, मग पाण्यात पिळलेलं लिंबू, थोडा वेळ थांबून पुन्हा पाणी आणि साबण सगळ्यांत शेवटी. रंगीत कापड असलं तर लिंबू आधी कोपऱ्यावर लावून बघावं. साखर गेली की नाही, याचा निकाल रात्रीतून मुंग्या देतात. त्यांच्याइतका प्रामाणिक तपासनीस मला सरकारी खात्यात भेटलेला नाही.

अर्थात, डाग म्हणजे काय हे अर्धापूरकरांना कुणी शिकवावं? इसापूर धरणाच्या कालव्यावर इथं केळी उभी राहिली, 'अर्धापुरी' नावाची केळीची जातच आहे. घड कापला की दांड्यातून चीक टपकतो. टपकताना पाण्यासारखा निरागस दिसतो, हवा लागली की तपकिरी, मग काळा. एकदा वाळला की लिंबू, रॉकेल, साबण, नवस, कशालाच दाद देत नाही. म्हणून बागेत जायचे कपडे वेगळे असतात, ते खुंटीवर वेगळे टांगतात आणि धुतातही वेगळे. त्या सदऱ्याला मूळ रंग कोणता होता, हे विचारायचं नसतं. पांढरे कपडे घालून केळीच्या बागेत शिरणारा माणूस एक तर पुढारी असतो, नाहीतर नवा जावई.

हळदीचं तंत्र आणखी निराळं. पलीकडं वसमत, अलीकडं आपण, सगळा हळदीचा पट्टा. सर्दी झालेल्या पाहुण्याला रात्री हळदीचं दूध दिलं आणि ते उशीच्या अभ्र्यावर सांडलं, की सकाळी साबण लावताच पिवळ्याचं लालभडक होतं आणि नवी सून घाबरते. घाबरण्यासारखं काही नाही. हळदीतलं कर्क्युमिन खार लागला की लाल दिसतं, धुऊन साबण गेला की पुन्हा पिवळं. आणि तो पिवळेपणा न्यायला ऊन पुरेसं आहे. मे महिन्यात आपल्या भागात पारा चाळिशी सहज ओलांडतो; त्या उन्हाचा एवढा एक तरी उपयोग.

पूर्वी हे सगळं परिटाच्या गाठोड्यात जायचं. दहा घरांचे कपडे एकत्र, मग कुणाचं कुठलं हे ओळखायला परीट बिब्ब्याच्या रसानं कोपऱ्यात खूण करायचा. ती खूण कशानंही जात नाही, म्हणूनच तर ती करायची. डाग काढण्याचा धंदा करणारा माणूस प्रत्येक कपड्यावर स्वतःचा एक न निघणारा डाग पाडून द्यायचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या शिपायांच्या मानेला मात्र त्या खुणेनं पुरळ उठलं आणि डॉक्टरांना त्या आजारालाही धोब्याचंच नाव द्यावं लागलं. बिब्बा उततो, हे त्यांना आपल्या कुठल्याही आजीनं फुकट सांगितलं असतं.

चादर निदान धुता तरी येते. गादीचं काय? कापसाच्या गादीवर पाणी ओतलं तर डाग राहतो बाजूला, आत ओल धरून आठवडाभर कुबट वास मारते. टिपावं, ओलसर फडक्यानं दाबावं, उन्हात टाकावी, एवढंच हातात. म्हणून घरोघरी चालतो तो उपाय एकच: गादी उलटी करणं. खर्च नाही, साबण नाही, आणि पाहुणा पुन्हा आला तर त्याला आपलीच करणी दिसत नाही. अडचण एवढीच, की गादीला बाजू दोन आणि आपल्याकडं पाहुण्यांना तोटा नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या गादीच्या दोन्ही बाजू अशाच भरल्या. शेवटी कापूस पिंजून घ्यायला गादी गाडीवर टाकून दुकानात नेली. दुकानदारानं जुनी खोळ उसवता उसवता विचारलं, "काकू, कापूस चांगला आहे, तोच भरू. खोळ कोणत्या रंगाची काढू?"

"चहाच्या," काकू म्हणाल्या. "दूध कमी घातलेल्या. दिवाळीला व्याही येणारेत."