अहो, जुलैत कसला आलाय बर्फ!

या, अशा कुंपणाजवळ या. त्या टोमॅटोच्या वाफ्यात पाय नका घालू, तुमच्या जावयांनी कालच पाणी दिलंय. तुम्ही मघापासून आमच्या गाडीच्या टपाकडे का बघताय ते कळलं मला. हो, स्कीच आहेत त्या. मुलगा आणि सून महिनाभर स्कीइंगला चाललेत, तंबू घेऊन. आणि हो, जुलैच चालू आहे. आमच्या फ्रिजवर कालनिर्णय लावलंय, मीही खात्री करून आले.

तुम्ही नागपूरच्या, तुम्हाला ऊन म्हणजे काय ते मी काय सांगणार! पण इथे अमेरिकेत, बीव्हर्टनलासुद्धा आपण पंखे लावून बसलोय आणि ही दोघं लोकरीचे मोजे मोजतायत. इथल्या माणसांना त्याचं काही नाही हो. समोरच्या आजोबांनी टपावरच्या स्की बघितल्या, हात हलवला आणि आपली झाडं कापायला लागले. ओरेगन-वॉशिंग्टनमध्ये बाराही महिने, दर महिन्याला एकदा तरी स्कीवर उभं राहायचंच, असा नेम धरलेली माणसं आहेत. आमच्या सुनेनेही तो धरलाय. तिचा नेम मोडू नये म्हणून ही सगळी धावपळ.

बर्फ कुठे म्हणता? अहो, मोठ्या रस्त्यावर गेलं की हवा स्वच्छ असताना पांढरा सुळका दिसतो ना, तो माउंट हूड. 11,249 फूट. त्याच्या अंगावर टिंबरलाइन लॉज आहे, मंदीच्या काळात बेकारांच्या हाताला काम म्हणून सरकारने बांधलेला. 1937 साली प्रेसिडेंट रूझवेल्ट साहेबांनी स्वतः येऊन उद्घाटन केलं. त्याच्या वर पामर नावाची लिफ्ट साडेआठ हजार फुटांपर्यंत नेते आणि तिथे ऐन उन्हाळ्यात सकाळी सकाळी स्कीइंग चालतं. बर्फावर मीठ टाकतात, खोटं नाही सांगत. पॉटचं आइस्क्रीम करताना आपण बर्फात खडेमीठ घालायचो ना, तसंच. मिठाने वरचा थोडा बर्फ वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि उरलेला थर टणक होतो. दुपारी मात्र सगळ्याचा चिखल, मग लिफ्ट बंद.

पण हूड म्हणजे यांचं नुसतं हातपाय मोकळे करणं. पुढे माउंट अ‍ॅडम्स, 12,276 फूट, आणि मग रेनियर, 14,410. तिथे लिफ्टबिफ्ट काही नाही. आपल्या पायांनी चढायचं आणि स्कीवरून उतरायचं. रेनियरला पॅराडाइज म्हणून जागा आहे, तिथला गाडीतळच 5,400 फुटांवर. म्हणजे आपलं कळसूबाईचं शिखर जिथे संपतं, तिथे यांचं पार्किंग!

आता सामानाचं ऐका. गॅरेजमध्ये निळी ताडपत्री अंथरलीय आणि तिच्यावर सगळा संसार मांडलाय. मला वाटलं होतं, बर्फात जायचं म्हणजे स्वेटर, कानटोप्या, जाडजूड कोट. तर सगळ्यात मोठा ढीग सनस्क्रीनचा! ट्यूबवर ट्यूब. मी म्हटलं, अगं, दुकान टाकतेयस का? तर म्हणते, आई, बर्फावर ऊन वरून येतं तसं खालूनही येतं. ताजा बर्फ अतिनील किरणांतले 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि दर हजार मीटर वर गेलं की ते किरण आणखी दहा टक्क्यांनी वाढतात. म्हणून हनुवटीच्या खाली लावायचं, कानांच्या मागे लावायचं, नाकपुड्यांच्या आतसुद्धा लावायचं. चढताना धापा टाकत तोंड उघडं राहतं ना, तर टाळू भाजते म्हणे. टाळू! आतली हो, तोंडातली. मी आजवर चहाने भाजलेली ऐकली होती.

गॉगलचं तसंच. बाजूने कातडी झडपा लावलेले काळे गॉगल, आणि दोघांत मिळून एक जोडी जास्तीची. कारण वर गॉगल हरवला तर दिवसभर काही कळत नाही, आणि संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन माणूस आंधळ्यासारखा चाचपडायला लागतो. आणि अंगात काय, तर पातळ पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्यावर टोपी ओढून. पिसांचं जाकीट आहे, नाही असं नाही, पण ते रात्रीपुरतं.

आणि झोपायची वेळ ऐकाल तर हसाल. संध्याकाळी सातला! इथे या दिवसांत सूर्य नऊला मावळतो, म्हणून दोघांच्या उशाशी डोळ्यांवर बांधायच्या काळ्या पट्ट्या. विमानात मिळतात त्या. मी येताना जपून ठेवल्या होत्या, त्या उचलल्या. रात्री दोन-अडीचला उठायचं आणि कपाळाला दिवा बांधून चालू पडायचं. याचं कारण मात्र मला पटलं. रात्री बर्फ गोठून दगड होतो. सकाळी नऊ-दहाला उन्हाने वरचा बोटभर थर मोकळा होतो, दाणेदार. त्याला ही मुलं कॉर्न म्हणतात आणि त्याच्यावरून उतरण्यासाठीच हा सगळा अट्टाहास. दुपार झाली की तोच बर्फ गुडघाभर रबडी होतो, वरून दगड सुटायला लागतात. म्हणजे दोन तासांच्या सुखासाठी आठ तासांची चढण. आमचा मुलगा शाळेत असताना सातला उठवायला मला तांब्याभर पाणी लागायचं, हे सुनेला माहीत नाही. तुम्ही सांगू नका.

चढायला स्कीच्या तळव्यांना पट्ट्या चिकटवतात, त्यांना स्किन म्हणतात. पूर्वी सीलच्या कातड्याच्या असायच्या, आता नायलॉनच्या. एका दिशेने हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. म्हणून स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. त्यांच्या मागचा गोंद उन्हात पातळ होतो आणि एकदा का पाइनच्या काड्या चिकटल्या की कामातून गेला. म्हणून त्या स्किन कुठे ठेवल्यात माहितीये? बर्फाच्या पेटीत, माझ्या कोकम आगळाच्या बाटलीशेजारी! मी काही बोलले नाही. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, बास.

जुलैत बर्फाची कड बरीच वर सरकलेली असते. म्हणून आधी साध्या बुटांत, पाठीवर स्की नि स्कीचे ते लोखंडासारखे जड बूट बांधून, जंगलातून तासन् तास चालायचं. बर्फ लागला की साधे बूट काढून झाडाला टांगायचे. खाली ठेवायचे नाहीत, मारमॉट येतात. घुशीपेक्षा बराच मोठा, केसाळ प्राणी, घामाच्या खारटपणासाठी बुटांच्या नाड्या नि काठ्यांचे पट्टे कुरतडतो. बर्फ वितळल्यावर डासही असे येतात की ओडोमॉस मी पुण्याहून आणलेलं सगळं देऊन टाकलं. बाकी बर्फात रोवायची कुऱ्हाड, बुटांना लावायचे खिळे, हेल्मेट, दोर, कुणी गाडलं गेलं तर शोधायचं यंत्र, ते सगळं मी बघितलं आणि लगेच नजर वळवली. देवाला नारळ ठेवलाय.

वजनाचा हिशेब सून करते. कशावर, सांगू? आपण विमानाच्या बॅगा लटकवून तोलतो ना, त्याच काट्यावर! तेवीस किलोच्या वर एक पापडसुद्धा जाऊ न देणारा माझा काटा. पाकिटांचे पुठ्ठे काढून टाकले, टॉवेलचा अर्धा कापला. मुलाने जाड पुस्तक घेतलं होतं, ते परत कपाटात गेलं.

खाण्यावरून मात्र रण पेटलं. मी छोटा कुकर आणि तुरीची डाळ काढून ठेवली होती. सून म्हणाली, आई, दहा हजार फुटांवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, आणि कुकर कोण उचलणार? पाणीही बर्फ वितळवून करायचं. त्यातही मेख आहे: रिकाम्या पातेल्यात नुसता बर्फ टाकला तर पातेलं करपतं, आधी तळाला घोटभर पाणी लागतंच. शिवाय गुलाबी बर्फ घ्यायचा नाही. हो, गुलाबी. उन्हाळ्यात बर्फावर एक शेवाळ वाढतं, त्याला कलिंगडासारखा वास येतो म्हणे, पण पोट बिघडतं.

मग काय न्यायचं? पातळ पोहे. दडपे करायला विस्तव लागत नाही. मेतकूट पास झालं. भडंग नापास, वजनाला हलकं पण जागा खातं. राहिले डिंकाचे लाडू. इथे आमच्या ह्यांनी तोंड घातलं: डिंक थंडीतला, जुलैत खाल्ला तर घोळणा फुटेल. मी म्हटलं, पायाखाली बर्फ आहे ना? तर म्हणतात, डोक्यावर ऊन आहे ना? बराच वेळ आमचं जुंपलं. शेवटी सुनेने लाडू काट्यावर ठेवला, तूप, खोबरं, खारकेचा हिशेब केला आणि निकाल दिला: दुकानातल्या एनर्जी बारपेक्षा वजनाच्या मानाने यात जास्त ताकद आहे. त्या दिवसापासून सून मला जास्तच आवडायला लागली.

फक्त लाडू तंबूत न्यायचे नाहीत. इकडच्या डोंगरांत काळी अस्वलं असतात. खाणं रात्री कडक डब्यात बंद करून तंबूपासून लांब ठेवायचं; टूथपेस्ट आणि ओठांना लावायचं मलमही त्यातच, कारण अस्वलाला वासाशी मतलब. सरकारी जंगलात बहुतेक ठिकाणी तंबू टाकायला पैसे पडत नाहीत, एका जागी चौदा दिवस राहता येतं. शेकोटीचं नाव नको मात्र. कोरड्या उन्हाळ्यात वणव्यांच्या भीतीने बंदी घालतात.

आता जरा अलीकडे या, हे मोठ्याने सांगण्यासारखं नाही. रेनियरवर वर जाणाऱ्यांना रेंजर निळ्या पिशव्या देतो. कशाला, ओळखा! वर बर्फात संडास बहुतेक ठिकाणी नाहीत, आणि घाण बर्फात वर्षानुवर्षं तशीच राहते, दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात उतरते. म्हणून आपलं आपण त्या पिशवीत भरून, वर दुसरी पिशवी बांधून, पाठीवरून खाली आणायचं. माझ्या सासूबाई असत्या तर महिनाभर घरात घेतलं नसतं दोघांना. पण खरं सांगू? मला ते पटलं. आपल्या गडांवर पावसाळ्यात काय अवस्था असते, ती तुम्ही बघितलीय. या पिशव्या राजगडावर वाटायला हव्यात.

सुनेचं एक खूळ सांगायचं राहिलं. सेंट हेलेन्स म्हणून ज्वालामुखी आहे, 18 मे 1980 ला फुटला, सत्तावन्न माणसं गेली, डोंगराचा वरचा तेराशे फूट भाग उडाला. त्याच डोंगरावर आता मे महिन्यात मातृदिनाला लोक फ्रॉक घालून चढतात आणि स्कीवरून उतरतात. पुरुषसुद्धा! आमची ही माझी जुनी इरकल घेऊन गेली, काष्टा घालून उतरली. फोटो दाखवते नंतर. पदर कमरेला घट्ट खोचलाय, हेल्मेटवर नथीचं चित्र चिकटवलंय. काष्ट्यात गुडघे मोकळे राहतात म्हणाली, फ्रॉकवाल्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या.

तर एकूण असं आहे. थंडीचं सामान एका पिशवीत मावलं, आणि ऊन, पाणी, डास, अस्वल नि निळी पिशवी यांच्यासाठी गाडी भरली.

बरं, मी मुद्दाम हाक मारली त्याला कारण आहे. पहाटे दोनला स्टोव्ह पेटवायचा कंटाळा आला तर पाण्यात नुसता गूळ घालून कालवता येईल असं सातूचं पीठ हवंय सुनेला, आणि माझ्याकडचं संपलं. तुम्ही नागपूरहून नक्की आणलं असणार. अर्धा किलो द्या. डबा माझाच देते, आणि तो परत येताना रिकामा येणार नाही, लाडू अजून शिल्लक आहेत.