टाक, दौत आणि ड्रॅगन : नवशिक्यांसाठी नगरी मार्गदर्शिका

एलिमेंटरी झाली. इंटरमीजिएटला बी ग्रेड आली. संकल्पचित्रात कमळ, मोर आणि शंख बसवून झाले. आता तुम्हाला ड्रॅगन काढायचा आहे, आणि तोही साधासुधा नको. खवला न् खवला दिसला पाहिजे, मागच्या बुरुजाचा चिरा न् चिरा मोजता आला पाहिजे, आणि सगळं काळ्या शाईत, केसाएवढ्या रेषांनी. छान. अद्भुत चित्रकथेच्या या प्रकाराला दोन गोष्टी लागतात, काळा दगड आणि लांबलचक दुपार. आपल्या जिल्ह्यात दोन्ही फुकट मिळतात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर. चित्राखाली पत्ता लिहाल तेव्हा तेच लिहा. बोलताना सगळे अजून नगरच म्हणतात.)

घरी मात्र नेमकं काय करताय ते लगेच सांगू नका. ‘पुण्याच्या पार्टीचं डिझाइनचं काम आहे’ एवढं म्हणा. एका पानाला आठवडा लागतो आणि त्याचे पैसे कधी मिळणार हे ठरलेलं नाही, ही गोष्ट वडलांना समजावणं ड्रॅगनपेक्षा अवघड आहे आणि या मार्गदर्शिकेच्या कक्षेत येत नाही.

साहित्य थोडं लागतं. लाकडी टाक, त्यात बसणारं क्रोक्विल नावाचं बारीक नीब, वाळल्यावर पाण्याने न पसरणारी काळी ड्रॉइंग शाई, जाड गुळगुळीत कागद, टीपकागद, दाढीचं ब्लेड आणि एक बटाटा. दुकानदार आधी जेल पेन दाखवेल. टाकच हवा म्हणालात तर तो तुम्हाला सराफाकडे पाठवेल. धीर सोडू नका, मुंबईहून मागवा. शाईच्या बाबतीत मराठी माणसाने कमीपणा घ्यायचं कारण नाही. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत शाईपासूनच धंद्याला सुरुवात केली, त्याचं पुढे कॅम्लिन झालं. बटाटा अशासाठी, की नव्या निबावर कारखान्यातलं तेलकट अस्तर असतं आणि त्यावर शाई ठरत नाही, थेंब होऊन नेमकी नायिकेच्या गालावर पडते. नीब बटाट्यात थोडा वेळ खुपसून ठेवा, पुसा, मग दौतीत बुडवा. त्या बटाट्याची भाजी करू नका.

हवामानाचाही विचार करायचा असतो. क्षेत्रफळात आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा, त्यामुळे एकाच जिल्ह्यात शाई दोन प्रकारे छळते. अकोले तालुक्याच्या टोकाला घाटघर, त्याला नगरचं चेरापुंजी म्हणतात. तिथे जुलैत कागद इतका दमट होतो की रेषा ओढली रे ओढली की शाईला मिशा फुटतात. इकडे पाथर्डीत एप्रिलच्या दुपारी शाई निबावरच वाळते आणि दर चार रेषांनी ओल्या फडक्याने पुसावं लागतं. सबब अकोल्यात उन्हाळ्यात बसावं आणि पाथर्डीत पावसाळ्यात. खिडकी डाव्या हाताला ठेवा, म्हणजे हाताची सावली रेषेवर पडत नाही. डावखुऱ्यांनी घर उलटं फिरवून घ्यावं.

आता रेषा. नीब स्वतःकडे ओढायचं असतं. वर ढकललंत तर टोक कागदाच्या तंतूत अडकतं आणि शिंतोडे उडतात, ज्यांना नंतर तुम्ही ‘आकाशगंगा’ म्हणाल. वळण घ्यायचं तर मनगट नको, कागद फिरवा. छाया धरायला समांतर रेषा ओढा. आणखी गडद हवी तर पहिला थर वाळल्यावर त्यावर तिरका दुसरा थर द्या. तिरका म्हणजे किंचित तिरका. काटकोनात मारलात तर राक्षसाच्या छातीवर डास अडवायची जाळी बसवल्यासारखी दिसते. दोन रेषांच्या मध्ये निदान एका रेषेची जागा सोडा, कारण तुम्ही काढणार मोठ्या कागदावर आणि छापणार लहान. कोरा कागद भरून टाकायचा मोह होईल. तो प्रत्येकाला होतो आणि प्रत्येकाचं पान छापून आल्यावर डांबरासारखं दिसतं.

पहिले काही आठवडे ड्रॅगन नाही. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यात जा आणि काळविटाचं शिंग बघा. नुसतं ‘पिळाचं शिंग’ असं मनात धरून घरी बसून काढलंत तर ते जिलेबीच्या वळणावर जातं. नीट बघितलंत तर कळतं की पीळ वेगळा आणि त्यावरच्या वळ्या वेगळ्या. वळ्या बुडाशी ठळक आणि दाट असतात, टोकाकडे विरळ होत जातात, आणि शेवटचं टोक साफ गुळगुळीत. म्हणजे टाक चालवायचा तो शिंगाच्या लांबीने नाही, घेराने, छोट्या छोट्या कमानींनी. उजेडाच्या बाजूला कमान अर्धवट तोडायची, सावलीच्या बाजूला पुढच्या कमानीला चिकटवायची. टोकावर काहीच काढायचं नाही. तो कोरा कागदच चकाकतो. हे एक शिंग मनासारखं जमलं की शिरस्त्राण, राक्षसाचा मुकुट, चेटकिणीची काठी, सगळं जमलं. नाही जमलं तर ड्रॅगन काढून उपयोग नाही, कारण ड्रॅगन म्हणजे अशी दोनशे शिंगं.

राक्षस मनाने कशाला काढता? 1549 मध्ये नगरात रूमी खानाने मुलूख-ए-मैदान तोफ ओतली. वजन पंचावन्न टनांच्या घरात, आणि तोंड म्हणजे आ वासलेला हिंस्र पशू, ज्याच्या दातांत हत्ती चिरडला जातोय. आता ती विजापूरच्या बुरुजावर आहे, जाऊन चितारा. पावणेपाचशे वर्षांपूर्वी धातूत ओतलेल्या या कल्पनेपुढे आपले इंटरनेटवरून उचललेले ड्रॅगन कुपोषित वाटतात. पार्श्वभूमीसाठी पारनेर तालुक्यातलं निघोज. कुकडीच्या पात्रात दगडगोटे पाण्याच्या भोवऱ्यात हजारो वर्षं गरगरले आणि काळा पाषाण रांजणासारखा कोरला गेला. परग्रह काढायला चाललेल्यांनी आधी पन्नास रुपयांचं डिझेल जाळून इथे यावं. कथानकही तयार आहे: हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात मोठं शिवलिंग, भोवती चार खांब, त्यातला एकच शाबूत, आणि तोही पडला की जग बुडणार अशी लोकांची श्रद्धा. यावर सात खंड निघतील. पाणी काढताना मात्र रेषा मारत सुटू नका. खांबाचं प्रतिबिंब दोन-चार तुटक आडव्या रेषांत संपवा, बाकी पांढरं.

शॉर्टकट सगळेच विचारतात, म्हणून सांगतो. हात जमत नसतील तर नायकाला झगा द्या. पावलं जमत नसतील तर गवत वाढवा. बारीक रेषांच्या चित्रकथांत गुडघाभर गवत का माजलेलं असतं, याचं वनस्पतिशास्त्रीय कारण शोधू नका. पण तिसऱ्या पानावर नायकाला तलवार धरावी लागतेच, आणि वाकड्या पंजावर दोनशे रेषा मारल्या तर तो दोनशे रेषांनी वाकडा दिसतो.

चूक झाली तर वाळल्यावर ब्लेडने हलकं खरवडा, किंवा पांढरा पोस्टर कलर लावा. अख्खं पात्रच झाकून टाकायची कल्पनाही सुचेल. नगरी चित्रकलेला त्याची सवय आहे. हुसेन निजामशाहाच्या स्तुतीचा ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हा 1565 च्या सुमाराचा सचित्र ग्रंथ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या उरलेल्या बारा चित्रांपैकी बहुतेकांत राणी खुंझा हुमायूनची आकृती कुणीतरी नंतर मिटवून टाकली. बघणाऱ्याची नजर आजही आधी तिथेच जाते.

गुरू निवडताना जपून. अमेरिकेत फ्रँकलिन बूथ नावाचा मुलगा मासिकांतली चित्रं टाकाने हुबेहूब उतरवत बसायचा. ती लाकडावर कोरून छापलेली होती हे त्या पोराला ठाऊक नव्हतं. या गैरसमजातून तो शाईचा मोठा उस्ताद झाला. तुमचं तसंच होईल याची हमी नाही. जपानच्या केंतारो मिउराचा ‘बर्सर्क’ 1989 पासून निघत होता. पानं अशी की एकेका चिलखतावर डोळे थकावेत. 2021 मध्ये मिउरा गेला तेव्हा गोष्ट संपलेली नव्हती. आपल्याकडे पुण्याच्या प्रताप मुळीकांनी राज कॉमिक्ससाठी नागराज उभा केला, तोही खवल्यांचाच. आणि घरात जुना ‘चांदोबा’ असेल तर विक्रम-वेताळाचं पान काढा. शंकर यांच्या चित्रांत झाडं, कवट्या, साप सगळं ठासून भरलंय, तरी खांद्यावर प्रेत घेतलेला राजा पहिल्या नजरेत सापडतो. रेषा नंतर, आधी काळं कुठे आणि पांढरं कुठे हे त्यांनी ठरवलेलं असतं. तुम्हीही पेन्सिलच्या कच्च्या चित्रात काळे भाग आधी भरून बघा आणि पान हातभर लांब धरा. राजा दिसत नसेल तर दौतीचं झाकण उघडू नका.

सात खंडांचा आराखडा वहीत राहू द्या. पहिली गोष्ट आठ पानांची करा, ड्रॅगन एकाच पानावर ठेवा, आणि ती आठ पानं पूर्ण करून छापून घ्या, मग वडलांना काय ते खरं सांगा.