उतारा

दौंडहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत आमच्या सरांची खिडकी ठरलेली. बसले की डबा मांडीवर, डब्यावर मोबाईल आणि मोबाईलवर गूगल स्कॉलर. या वेळी कुणी जप करतं, कुणी शेअरचे भाव बघतं. सर स्वतःची सायटेशनं बघतात. पाटसला एकदा, केडगावला एकदा. एवढ्या वेळात जगाच्या पाठीवर कुणी त्यांच्या पेपरचा हवाला दिला असेल, असं त्यांनाही वाटत नाही. पण "मधे रेंज गेली होती, काका," म्हणून पुन्हा अंगठा फिरतो.

सर पुण्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. पेपर 34, सायटेशन 191, एच-इंडेक्स 6. हे आकडे मला माझ्या पगारापेक्षा पाठ आहेत.

त्यांचं मूळ गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला. वडील ऊसवाले. पोराचे 34 पेपर झाले म्हटल्यावर ते म्हणाले, "हे टनेज झालं. उतारा किती?" सर खूश झाले. सॅन डिएगोच्या होर्हे हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं 2005 मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवला, म्हणाले. नुसते पेपर मोजायचे नाहीत. ज्याच्या सात पेपरांचा प्रत्येकी निदान सात ठिकाणी हवाला आहे, त्याचा एच-इंडेक्स सात. वडिलांनी तंबाखू मळत सगळं ऐकलं. "आन् तुझा सहा? आरं, सहा उताऱ्यावर कोण चुलवाण पेटवील?"

तेव्हापासून सर सातच्या मागे आहेत. उसाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखायचा, यावरचा त्यांचा पेपर सहा सायटेशनांवर अडकलाय. "एकच पाहिजे, काका. एक!" हे ते अशा आवाजात म्हणतात, की वाटतं, आपल्याच खिशात असतं तर देऊन टाकलं असतं.

आमच्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसतो, "सरका की जरा" म्हणत. सरांनी ही रीत रेफरन्सच्या यादीला लावली. शिरूरला एका लग्नात नवऱ्या मुलाचा मावसभाऊ पीएचडी करतोय असं कळलं. हातातल्या अक्षता तशाच ठेवून सर त्याच्याजवळ पोहोचले. "विषय काय?" मेंदूच्या एमआरआयवर काम, तो म्हणाला. "अरे वा! आमचं उसाच्या पानावर आहे. इमेज ती इमेजच. रेफरन्समध्ये एक जागा होईल ना?" मंगलाष्टकं संपायच्या आत पेपरची लिंक त्याच्या व्हॉट्सॲपवर. आपण एकाचा हवाला द्यायचा, त्यानं आपला द्यायचा, याला गावात परतीचा आहेर म्हणतात. सर 'कोलॅबरेशन' म्हणतात.

एकदा व्हिएतनाममधून सायटेशन आलं. सरांनी डब्यात पेढे वाटले. कुणी तरी तो पेपर उघडून बघितला (मीच). त्यात लिहिलं होतं, की ही पद्धत कमी उजेडात चालत नाही. सरांनी शांतपणे डब्याचं झाकण लावलं. "टीका असली तरी मोजतात, काका."

परवा यवतला एक पोरगा डब्यात चढला आणि थेट सरांच्या पाया पडला. रांजणगाव एमआयडीसीत लागला होता. "सर, सी लँग्वेजमधला पॉइंटर तुमच्यामुळं कळला. रात्री दहाला फोन केला तरी उचलायचा तुम्ही." सर लाजले. खिडकीबाहेर बघितलं, चष्मा पुसला. मग विचारलं, "तू पीएचडीला नाही ना लागलास कुठं?"

मला अशा वेळी काडी घालायची खोड आहे. मी लॅरीची गोष्ट सांगितली. लॅरी हे मांजर. अमेरिकेतल्या एका संशोधकानं 2024 मध्ये आपल्या आजीच्या या मांजराच्या नावावर खोटे पेपर लिहिले, त्यांचे हवाले देणारे आणखी खोटे पेपर लिहिले, आणि गूगल स्कॉलरनं ते मुकाट मोजले. "किती झाला?" सरांनी विचारलं. "अकरा." खुटबावचा ऊस तोडायला आलाय की नाही यावरही एरवी बोलणारा हा माणूस उरुळीपर्यंत गप्प बसला. मांजराचा अकरा!

मग माझंच मन खाऊ लागलं. म्हटलं, देवळालीचे कापरेकर मास्तर आठवा. चार आकडी संख्येचे अंक उलटसुलट मांडून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येतो तो 6174, शाळेत शिकवत शिकवत शोधला 1949 साली. लेख बारक्या नियतकालिकांत छापायचे, मोठी माणसं हसायची. निवृत्त झाल्यावर 13 वर्षांनी, 1975 मध्ये, मार्टिन गार्डनरनं सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर झालं.

"म्हणजे सायटेशन उशिरा येतं," सर पुटपुटले. "कसं करायचं म्हणालात ते?" अंक उतरते मांडायचे, चढते मांडायचे, मोठ्यातून धाकटी संख्या वजा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच.

सरांनी माझ्या वर्तमानपत्राचा कोपरा ओढला आणि अर्थातच 191 घेतले. 911 उणे 119, 792. 972 उणे 279, 693. मग 594. मांजरीच्या अलीकडे 495 आलं आणि पुढं हलेना.

"काका! 191 चे 495 होतायत!"

तिन्ही अंक सारखे नसले, की तीन आकड्यांची कुठलीही संख्या घ्या, 495 च येतं. पण त्यांचा चेहरा बघून हे सांगायचं मी उद्यावर टाकलं.