कोहळ्यात चीज कसे दडवावे

'विंटर स्क्वॉश घालून भाजलेली मॅकरोनी अँड चीज' हा पदार्थ बाळापुरात करायचा, तर आधी स्क्वॉशचा निकाल लावला पाहिजे. आपल्याकडे स्क्वॉश बाटलीत असतो आणि त्यात थंड पाणी घालतात. हिवाळी स्क्वॉश म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी पडसं आठवतं. प्रत्यक्षात ते आपलं लाल कोहळं. हिवाळ्यात पिकतं म्हणून हे नाव नाही. साल टणक असल्याने काढल्यावर हिवाळाभर टिकतं म्हणून आहे. पुणेकर वाचकाने मात्र इथे सावध राहावं. त्याच्या भाषेत कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढरा, दारावर टांगायचा. तो घातल्यास मॅकरोनी पोहू लागेल. त्याने मुकाट्याने लाल भोपळा मागावा.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेतल्या कृतींत हे फळ शिजवून, घोटून चीजच्या सॉसमध्ये मिसळतात ते बऱ्याचदा भाजी न खाणाऱ्या पोरांच्या पोटात भाजी जावी म्हणून. तिथे चीज प्रतिष्ठित आणि कोहळं चोरटं. वऱ्हाडात हा हिशेब उलटा आहे. भंडाऱ्याच्या पंगतीत कोहळ्याची भाजी लोक मागून घेतात, लपवायचं कारणच नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना संशय येतो तो चीजचा: हे मुरलंय की नासलंय? म्हणून बाळापुरात साहित्य तेच ठेवून हेतू फिरवावा लागतो. लपवायचं आहे ते चीज, आणि लपवणारं कोहळं. म्हैस नावाच्या नदीकाठी वसलेल्या गावाने दुधाच्या पदार्थाला इतकं बिचकावं हे खरं तर शोभत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो परकेपणाचा. मॅकरोनी-चीजची छापील इंग्रजी कृती एलिझाबेथ रॅफल्डच्या १७६९च्या पुस्तकात आहे. बाळापूरचा किल्ला १७५७ साली इस्माईल खानाने पुरा केला. म्हणजे वयाने आपला बुरूज थोरला, एवढं समाधान मिळतं. पण पोकळ कणकेची विद्या वऱ्हाडाला शिकवावी लागत नाही. काडीवर कणकेची बारीक दोरी गुंडाळायची, वेटोळं अलगद ओढून काढायचं, उन्हात वाळवायचं आणि उकडून आमरसात खायचं, हे आपले सरगुंडे. पोकळीत रस शिरला पाहिजे, एवढाच मॅकरोनीचाही सिद्धान्त. घरात डबाभर सरगुंडे असतील तर दुकानात जाऊच नये. आणि परकेपणाच म्हणाल, तर या सगळ्यात समुद्र ओलांडून आलेलं फळ कोहळंच आहे. त्याचं मूळ अमेरिका खंडात. पंगतीत त्याला अजून कुणी दाखला मागितलेला नाही.

कृती अशी. अर्धा किलो कोहळं सालीसकट फोडी करून, पाण्यात न बुडवता, कुकरच्या भांड्यात वाफवावं. मग गर काढून रवीने घोटावा. पाव किलो मॅकरोनी किंचित कच्ची राहील अशी उकडावी, कारण पुढे ती सॉस पिणार आहे. दोन मोठे चमचे लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतून अर्धा लिटर दूध थोडंथोडं घालावं. घाई केली की गुठळ्या, आणि गुठळी दिसली की तपास सुरू. भांडं उतरवून दीडशे ग्रॅम किसलेलं चीज घालावं. मुरवलेलं चीज फार तापलं तर तूप सुटतं आणि खाली चिवट गोळा उरतो. डब्यातल्या प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये सायट्रेट-फॉस्फेटसारखे क्षार असतात, ते स्निग्धांश धरून ठेवतात. आपल्या कामाला हे दुसरंच बरं. मोझरेला मात्र घरात आणू नये: घास उचलताच ताटापासून ओठांपर्यंत जी तार लोंबते, ती थेट पुरावा असते. मग कोहळ्याचा गर मिसळावा. चीजचा पिवळा रंग त्याच्या केशरीत बुडतो. वासासाठी लसूण, तिखट आणि मेथीदाण्याची फोडणी. जायफळ चिमूटभर, पुरणामुळे त्यावर कुणाची हरकत नसते.

दुसरा आक्षेप ओव्हनचा. औष्णिक वीज केंद्र पारसला, म्हणजे तालुक्यातच असताना विजेचं कारण सांगणं बरं दिसत नाही. पण ओव्हन लागतोच असंही नाही. कुकरची रिंग नि शिट्टी काढून, तळाशी मिठाचा थर देऊन, आत डबा ठेवला की अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. वरचा टोस्टचा चुरा तेवढा गोरा राहतो. त्यावर उपाय रोडग्यांचा. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून निघाले की त्याच आरात झाकणबंद पातेलं बसवावं आणि झाकणावर चार निखारे ठेवावेत. वरून-खालून आच लागते, चुरा खरपूस होतो, आणि धुराचा जो वास चढतो त्यापुढे चीजची काय बिशाद!

वाढताना कुणी विचारलंच, "काय टाकलं यात?", तर "कोहळं" म्हणावं आणि लगेच वरण पुढे करावं.